वहीतलं ‘बरं आहे’

डॉक्टर एसेनबेकसाहेबांना नारीनहून बुरुलचा सलाम.

माझ्या सासूबाईंचं जेवण पोटात तुंबून राहतं, म्हणून तुम्ही त्यांना संशोधनात घेतलंत. निम्म्या रोग्यांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. कुणाला काय मिळतं, ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. रोजची तब्येत वहीत मी लिहायचे. सकाळचा नान सासूबाई संध्याकाळी जसाच्या तसा ओकायच्या आणि वर मलाच ओरडायच्या, "बरं आहे म्हणून लिही गं! एवढा घाट चढून येतो बिचारा डॉक्टर, त्याला काय तोंड पाडून पाठवायचं?" मी तसंच लिहायचे. शेजारच्या घरांतही हेच चाललं होतं.

काल तुमचा निरोप आला. सासूबाईंची गोळी पिठाची निघाली. दोन्हीकडचे रोगी सारखेच बरे झाले, म्हणून औषध बाद आणि संशोधन बंद.

साहेब, पिठाने कुणीही बरं झालं नाही. आम्ही तुमचा पाहुणचार करत होतो. आता ते औषध खरंच लागू पडत होतं का, हे कुणालाच कळणार नाही.

एवढं लिहिलं आणि सासूबाईंनी बादलीवरून मान वर केली. "डॉक्टरला लिहितेस? मी बरी आहे म्हणावं. त्याच्या जिवाला घोर नको."

म्हणून हे पत्र माझ्याजवळच ठेवलंय आणि तुम्हाला दुसरं धाडलंय. त्यात त्या बऱ्या आहेत.

तुम्हाला फसवणारी,
बुरुल