उद्याच्या सामन्याचा अंदाज

आण्णा,

उद्या सकाळी तुमच्या नातीच्या कॉलेजचा या सीझनमधला पहिला फुटबॉल सामना आहे. इथं हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. तुम्ही हॅमिल्टनला आला होतात तेव्हा त्यावरून किती हसला होता. "शाळेतली पोरं कॉलेजात? मग कॉलेजातली कुठं जात्यात, चंद्रावर?" ती तेव्हा पाळण्यात होती. तिनं दुपटं लाथाडलेलं बघून तुम्ही म्हणालात, डावा पाय चांगलाय हिचा. आता ती सोळा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच, आणि मुलींच्या फर्स्ट इलेव्हनमध्ये आहे, म्हणजे कॉलेजच्या मानाच्या पहिल्या संघात. आहे असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे या वर्षी ती अकरांत नाही, बाकावर आहे.

तुम्ही असतात तर आधी टीमचं विचारलं असतं आणि मग नातीचं, म्हणून आधी टीमचं सांगते. गेल्या वर्षीची गोलकीपर शिकायला वेलिंग्टनला गेली. नवी आहे ती उंच आहे, हात भक्कम आहेत, पण कॉर्नर आला की गोलरेषा सोडून पुढं येत नाही. मागच्या फळीत दोघी सख्ख्या बहिणी आहेत, त्यांना एकमेकींना हाक मारावी लागत नाही. पुढं एक पोर आहे, वारा प्यालेल्या वासरासारखी धावते आणि कुठूनही गोलवर मारते, दहातले आठ बाहेर. उद्याचा संघ नदीपलीकडच्या कॉलेजचा. गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात त्यांनी आपल्याला चार गोलांनी झोपवलं होतं. ते लांब बॉल टाकतात, आणि या दिवसांत इथं सकाळी धुकं असतं, गवत ओलं, बॉल टप्पा पडला की सटकतो. म्हणजे सगळा खेळ मधल्या फळीवर आला. गेल्या वर्षी मधे तुमची नात होती. या वर्षी तिथं एक नवी मुलगी आली आहे, ऑकलंडहून, तिथल्या ओटाहुहू भागातली. तिच्या वडिलांना इथं दूध पावडरच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून ते कुटुंब हॅमिल्टनला आलं.

हे सगळं मला दिसतं ते तुमच्यामुळे. कोल्हापुरात सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही चौकात सायकल लावून उभे असायचात आणि माणसं जमायची. "मास्तर, उद्याचं काय?" अख्खी पेठ आपल्या तालमीच्या फुटबॉल संघावर जीव टाकणारी, प्रत्येकाला हवं असायचं एकच उत्तर. आणि तुम्ही सांगत असायचात, "उद्या पडतोय आपण. मधली फळी पळतच न्हाई." लोक चिडायचे. "मास्तर, तुम्ही कुणाकडनं हाय नक्की?" असं एकजण ओरडला होता ते मला आठवतं, मी तुमच्या सायकलच्या दांडीवर बसले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आपल्याकडनंच हाय, म्हणून तर नीट बघतोय." शिव्या घालून गेलेली तीच माणसं पुढच्या सामन्याआधी परत यायची.

इथंही मला विचारतात, आण्णा. पहिल्या वर्षी मी सहज कोचला म्हटलं होतं की आपली लेफ्ट बॅक पुढं जाते तेव्हा मागं कुणी भरत नाही. तेव्हापासून मैदानाच्या कडेला उभे राहणारे आईबाप मला एक्स्पर्ट म्हणतात. थट्टेत म्हणतात, पण ऐकतात. मला त्याचं सुख होतं. लॅबमध्ये दिवसभर दुधाचे नमुने तपासणाऱ्या बाईला शनिवारी सकाळी कुणीतरी विचारतं, काय वाटतं तुला, आणि ती तुमच्यासारखी हाताची घडी घालून उत्तर देते.

गेल्या रविवारी सरावाचा सामना झाला. नंतर मैदानाकडेला शेगडीवर सॉसेज भाजत होते, तसं इथं नेहमीच असतं. तुमची नात शेवटची थोडी मिनिटं खेळली होती. गोलकीपरची आई मोठ्यानं म्हणाली, "चला, एक्स्पर्टला विचारूया. शनिवारचं काय गं?"

"तीन-शून्य," मी म्हटलं. "त्यांचे तीन."

"बाप रे! का पण?"

"मधे भोक आहे. ती नवी मुलगी वळायला जड आहे. बॉल येतो, आणि ही वळेपर्यंत बस निघून गेलेली असते."

दोघंतिघं हसले. मीही हसले. मग गोलकीपरच्या आईचं हसू अर्ध्यात थांबलं आणि ती माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली. शेगडीवर चिमटा घेऊन त्या मुलीचे वडील उभे होते. मोठा, रुंद माणूस, त्या थंडीत पायांत जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. त्यांनी सॉसेज उलटलं, पावात घातलं आणि माझ्यासमोर धरलं. "कांदा?" असं विचारलं. मी मान हलवली. कांदा घालता घालता ते अगदी साधेपणानं म्हणाले, "हो, शिकतेय ती अजून. नवीन टीम, नवीन शाळा. पण तुमच्या मुलीनं खूप मदत केली तिला. रोज प्रॅक्टिस सुटल्यावर दोघी थांबतात ना. आमच्या घरी जेवताना तिचंच नाव असतं."

मला हे माहीत नव्हतं. उशीर झाला की ती सांगायची, कोचनं जास्तीचं पळायला लावलं. मी कोचवर चिडून होते, की बाकावरही बसवतो आणि वर पळवतो. आणि ही तिथं थांबून, जिनं आपली जागा घेतली तिला आपल्या टीमची चाल समजावत होती: कुणाला उजव्या पायावर पास लागतो, कोण हाक मारल्याशिवाय वर बघत नाही. तो पाव मी हातात धरून उभी राहिले. तो खायचा की ठेवायचा हेही कळेना. शेवटी खाल्ला. त्यांच्यासमोर सगळा खाल्ला, शिक्षा असल्यासारखा.

पूल आला तेव्हा गाडीत तिनं विषय काढला. ती बोलते इंग्रजीत, 'आई' तेवढं मराठीत.

"आई, तू म्हणालीस ती स्लो आहे?"

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी ऐकलं, आई. तिनंही."

"अगं, मी खेळाबद्दल बोलत होते. आणि तू तरी मला का नाही सांगितलंस? तिला शिकवत बसतेस, तुझी जागा..."

"तिनं विचारलं म्हणून." एवढंच. जणू कुणी रस्ता विचारला आणि सांगितला. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "आई, मेबी डोन्ट कम ऑन सॅटर्डे."

ती ओरडली असती तर मला काही म्हणता आलं असतं. तुमच्यासारखीच आहे. आवाज चढवत नाही.

त्या दिवसापासून मला आपलं कोल्हापूरचं स्वयंपाकघर दिसतंय. मी दहा-अकरा वर्षांची आहे. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर बशीतून चहा पिताय, आणि मामा उंबऱ्यावर बसलाय. तालमीनं त्या हंगामात त्याला अकरांतून काढलंय. तो म्हणतो, "पडू देत उद्या तोंडावर. मग कळंल तालमीला." तुम्ही बशी खाली ठेवता.

"तुला काढल्यावर तालीम परकी झाली व्हय रे?"

"दाजी, तुम्हाला काय कळायचं त्यातलं? तुम्ही कडंला उभं राहणार."

"कडंला उभा राहतोय म्हणूनच सांगतोय. आपली पडावी असं मनात असंल तर उद्या माझ्या शेजारी बसू नगंस."

आईनं पीठ लागलेले हात तसेच कमरेवर ठेवले. "माझ्या घरात माझ्या भावाला बोलायचं न्हाई. आज तालमीतच जेवा जावा. घालतील पंगत!" तुम्ही हसलात. मामा हसला नाही. कप अर्धा ठेवून गेला. मी त्याच्यासाठी रडले, आणि पुढं कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की त्या दिवशी तुम्ही दुष्टपणा केलात. मामा त्या हंगामात एकाही सामन्याला आला नाही. आपण जिंकत होतो, स्टेडियमचा आवाज पेठेपर्यंत येत होता, आणि तो सायकलीचं दुकान उघडं ठेवून बसायचा. गिऱ्हाईक कुठलं, सगळं गाव सामन्याला.

आण्णा, मामाच्या तोंडात होतं ते माझ्या मनात आहे. मला आपली टीम उद्या पडायला हवी आहे. असं लिहिताना कान गरम होतात, पण आहे. या आठवड्यात टीमच्या जर्सी धुवायची पाळी माझी आहे. इथं आईबापांमध्ये पाळ्या लावून घेतात. काल त्या वाळत घालताना मी मनात सामना खेळत होते. तो प्रत्येक वेळी एकाच तऱ्हेनं व्हायचा. मधे बॉल हरवतो, त्यांचा गोल होतो, कोच घाबरून बाकाकडं वळतो आणि माझ्या पोरीला उठवतो. तोवर किती गोल झालेत ते मी मोजतही नव्हते. त्या पंधरा मुली माझ्या घरी येऊन पोहे खाऊन गेल्यात, मला सगळ्या 'आँटी' म्हणतात, त्यातली ती ओटाहुहूची सगळ्यांत जास्त वेळा थँक यू म्हणते. त्यांचे हिरमुसलेले चेहरे मी माझ्या सोयीसाठी मांडत होते. शेजारी बसू नगंस म्हणण्यात तुमचं काही चुकलं नव्हतं.

आठवडाभर ती माझ्याशी नीट वागली. डबा स्वतः भरला, थँक्स म्हणाली, दार आपटलं नाही. काल संध्याकाळी मी जर्सींच्या घड्या घालत होते. ती पायरीवर बसून बुटांच्या खिळ्यांतला वाळका चिखल चमच्याच्या दांड्यानं काढत होती. वर न बघता तिनं विचारलं, "आई, खरं सांग. आम्ही जिंकू?"

मी पुढची जर्सी उचलली.

"तुला कळतं ना नेहमी."

"बघू," मी म्हटलं. "धुकं किती आहे त्यावर आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलले की तिला कळतं, ते कधीपासून कळायला लागलं ठाऊक नाही. "ओके," ती म्हणाली. बूट एकमेकांवर आपटले, चिखल झाडला. मग उठता उठता म्हणाली, "यायचं असेल तर ये. बस, काही बोलू नको. प्लीज."

म्हणजे उद्या मी जाणार आहे आणि तोंड मिटून उभी राहणार आहे. एक्स्पर्टला कुणी काही विचारलं तर काय करायचं, माहीत नाही. त्या मुलीचे वडील भेटतील. त्यांना काय म्हणायचं हे मी दोन दिवस जुळवतेय, इंग्रजीत आणि मराठीत, आणि दोन्हीकडं ते माझीच बाजू मांडल्यासारखं होतंय. माफ करा म्हणणं सोपं आहे. तो माणूस लगेच 'स्वीट अॅज' म्हणेल, म्हणजे 'काही हरकत नाही', काही झालंच नाही असं दाखवेल, बहुधा पुन्हा काहीतरी खायला देईल. अवघड आहे ते त्याच्या पुढचं, जे त्या मुलीच्या बापाला कळायला हवं आणि माझ्या पोरीला माझ्या तोंडून ऐकायला लागेल.

ती आत्ता प्रॅक्टिसला गेली आहे, घरात कुणी नाही. तुम्हाला हे पोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता येतंय. उद्याचं विचाराल तर आपण जिंकतोय. दोन-एक. एक गोल कॉर्नरवर खाऊ, कीपर पुढं येणार नाही. पण त्यांची मधली फळी उद्या आपल्यापुढं टिकणार नाही. मला हे आज कळलेलं नाही. पहिल्या प्रॅक्टिसच्या दिवशी मी पोरीला न्यायला जरा लवकर पोचले होते, गाडीतच बसले होते, काच खाली होती. त्या मुलीकडं पाठीमागून बॉल आला. तिनं तो पायाखाली घेतलाही नाही, अंगावरून नुसता जाऊ दिला आणि त्याच्याबरोबर वळली, आणि तिला अडवायला आलेल्या दोघीजणी तिच्या मागं मोकळ्या गवतावर उभ्या राहिल्या. जड कसली, आण्णा. असं वळणारं मी आपल्या स्टेडियमवरसुद्धा पाहिलेलं नाही. माझी पोर बाकावर बसणार हे मला कोचच्या आधी कळलं. आणि तरी माझे हात आपोआप टाळीसाठी उचलले गेले होते. मी ते खाली घेतले आणि काच वर केली.