चढत्या क्रमाने लावलेल्या कवळ्या

तीर्थस्वरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखर आडवा पडूनच घालतोय, उभं राहून तोंड दाखवायची सोय उरलेली नाही.) दादाचा गुडघा आता बरा असेल. मी इथून पाठवलेली कवळी बाबांना आवडली, दात जरा बारीक दिसतात पण ते गल्लीभर हसत फिरतात, हे वाचून आनंद झाला. म्हणजे तेव्हा झाला होता.

आकडे चढत्या क्रमाने लावायच्या प्रोग्रामच्या चार ओळी तुम्ही मला फोनवर शिकवल्यात, तिथून सगळं सुरू झालं. आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात संगणकावर गिऱ्हाइकांची नावं असतात आणि प्रत्येक नावासमोर त्याच्या डबीचा आकडा. ते आकडे कसेही, सतरानंतर चार, चारनंतर एकतीस. मला स्वस्थ बसवत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मालक जेवायला गेले आणि मी तुमच्या ओळी चालवल्या. आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले. नावं मात्र होती तिथेच. (नावंही सोबत हलवायची असतात हे तुम्ही सांगितलं होतंत. मी तेव्हा नुसता हो हो म्हणत होतो.) वर मी ते सेव्ह करून टाकलं, म्हणजे जुना क्रम पुसला गेला, आणि त्याच यादीवरून डब्या घरोघर गेल्या.

दुसऱ्या दिवशी दारात ही माणसं, तोंडाला रुमाल लावून. एका निवृत्त हेडमास्तरांना मला फैलावर घ्यायचं होतं, पण पहिल्याच शब्दाला वरची कवळी हातात आली. मी मालकांना छाती ठोकून सांगितलं, मूळ क्रम परत आणणारा प्रोग्राम लिहितो. आकड्यांच्या होतील तेवढ्या सगळ्या मांडण्या करत सुटायचं, त्यात एक बरोबर असणारच. संगणक सकाळपासून घरघरत होता. मालक मागे येऊन उभे राहिले.

"बरोबर मांडणी आली, की त्याला कळणार कसं रे, शहाण्या?"

ते कळायची सोय फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडात होती. मग कवळ्या धुऊन धुऊन एकेकाला लावून बघत बसलो. जी बसली तिचा आकडा त्या नावासमोर. सगळ्यांची लागली, राहिल्या फक्त मालकांच्या सासूबाई. उरलेली कवळी त्यांच्या तोंडात मावतच नाही. त्या कारखान्यात खुर्ची टाकून बसल्यात, पातळ काहीतरी पितात आणि माझ्याकडे बघतात. त्यांचे दात मिळाले नाहीत तर मी गाशा गुंडाळायचा, असं ठरलंय.

आपला दीर
(हे नातं सध्या कुणाला सांगू नका)

ता. क. आकडे हलवण्याआधी प्रत्येकाशेजारी त्याची मूळ जागा लिहून ठेवायची, मग कितीही विस्कटले तरी परत लावता येतात. हेही तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. मला काल आठवलं.

ता. ता. क. उरलेली कवळी सोबत पाठवतोय. ती बाबांची आहे. त्यांचीही डबी त्याच यादीत होती. तेव्हा बाबा उठायच्या आत पेल्यातली उचला, ही ठेवा, आणि ती मिळेल त्या गाडीने इकडे धाडा. त्यांना फरक कळेलच. म्हणावं, पोरानं आणखी चांगली करून पाठवली. अख्ख्या गल्लीला सांगितलंय त्यांनी, माझ्या पोरानं माझ्या मापाची करून दिली म्हणून. आता तरी ते खरं होऊ दे.