आता आरसा कोण धरणार

२ फेब्रुवारी, रविवार
आमच्या रविवारच्या लेणी-फेरीचे गाईड व्यंकटराव यांनी आज जाहीर केलं. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय, महिनाअखेरीस निरोप घेतो. पायऱ्यांवर दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मी नाही. बँकेतून रिटायर झालेला माणूस रविवारी फुकट बडबड करतो, यात रडण्यासारखं काय? फुकट तर मीही येतो, त्यांच्याइतकीच वर्षं. ते आत सावलीत उभे राहून बोलतात. मी बाहेर उन्हात आरसा धरून सूर्य आत पाठवतो, तेव्हा कुठं लोकांना मूर्ती दिसतात. उजेड माझा, टाळ्या त्यांना.
असो. पुढचा गाईड मीच. दुसरं आहे कोण.

३ फेब्रुवारी, पहाटे
हरिपाठ झाला. संकल्प : व्यंकटरावांविषयी वाईट विचार करायचा नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ९
ग्रुपवर त्यांचा फोटो. खाली 'आमचे सर'. फक्त हार घालायचा राहिला होता. संकल्प उद्यापासून.

५ फेब्रुवारी
त्यांचं सगळं भाषण मला ऐकून ऐकून पाठ आहे. बायकोला, आशाला म्हणून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, लई छान, पण सातव्या लेण्यातली ती नाचणारी बाई दिसती कशी? मी म्हणालो, सुंदर. ती म्हणाली, तुम्ही पाहिली व्हय? आता आरसा धरणारा बाहेर असतो, आणि तो आरसा ठेवून आत गेला की आत अंधार. हे तिला कोण समजावणार. अशा प्रश्नांनीच माणूस मागं राहतो.

८ फेब्रुवारी
क्रांती चौकातून कॉलर माईक आणला. दुकानदार म्हणाला, कीर्तनाला का, मामू? मी म्हणालो, गाईडला. तो म्हणाला, दोन्हीमें चलता.

१६ फेब्रुवारी, रविवार
व्यंकटरावांचा घसा बसला. म्हणाले, सांडूभाऊ, आज तुम्ही बोला, मी आरसा धरतो. देव ऐकतो.
सातव्या लेण्यात गेलो. बुद्धमूर्तीसमोर हात जोडून उभा राहिलो. मूर्तीकडे पाठ करणं आमच्या घरात नाही. माईक लावला आणि व्यंकटरावांच्या शब्दांत सुरुवात केली : आता माझ्या उजव्या हाताला पाहा, नर्तकी, कमरेत जराशी वाकलेली, भोवती वाजवणाऱ्या बायका. आणि उजवीकडे हात केला. त्याच क्षणी उजेड डावीकडे गेला. माझ्या हातासमोर अंधारात कोणीतरी ताठ उभं होतं, नाचायची काही चिन्हं नव्हती. लोक सगळे डावीकडे वळले आणि अहाहा म्हणाले. मी पुन्हा ठासून उजवीकडे म्हणालो. एक पोरगी हसली. उजेड हलला नाही.
व्यंकटरावांनी मुद्दाम केलं. मी वळून पाहिलंसुद्धा नाही.

१७ फेब्रुवारी
फोन करून सुनावलं. ते कुजबुजत म्हणाले, अहो सांडूभाऊ, मी लोकांकडं तोंड करून उभा राहतो, तुम्ही मूर्तीकडं केलंत. म्हणजे इतकी वर्षं देवाकडे पाठ करणारा माणूस मला शिकवणार. संकल्प मोडला तो त्यांच्यामुळे.

२३ फेब्रुवारी, रविवार
निरोप समारंभ. श्रीफळ मी दिलं, जरा जोरात. व्यंकटराव भाषणात म्हणाले, सांडूभाऊंसारखा आरसा या शहरात कोणी धरत नाही. मला बाहेरच ठेवायचा हा शेवटचा डाव. मग ग्रुप चालवणारी मनस्विनी उठली. आर्किटेक्ट आहे, वय माझ्या लेकीएवढं, तनुजाएवढं. म्हणाली, पुढच्या रविवारपासून मी बोलेन, काका आहेतच आरशाला.
मी माईक घेतला आणि शांतपणे सांगितलं की आजपासून आरशाला हात लावणार नाही. वाटलं, आता हातापाया पडतील.
व्यंकटराव म्हणाले, मग मी धरतो, तिथं बोलावं लागत नाही. समारंभातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

२ मार्च, रविवार
फजिती बघायला म्हणून गेलो. व्यंकटराव सातव्या लेण्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर माझा आरसा. उजेड नीट जात होता. म्हटलं, आज हात मोकळे आहेत, निदान आत जाऊन ती बाई एकदा बघू. चप्पल काढली. तेवढ्यात मनस्विनी म्हणाली, काका, सरांना ऊन लागतंय, जरा छत्री धरता का? लोकांसमोर नाही कसं म्हणणार.
धरली. सावली मुद्दाम माझ्याकडे ओढून धरली. आत एकदम अंधार. व्यंकटराव म्हणाले, सांडूभाऊ, सावली आरशावर येतीय, जरा मागं व्हा.
मागं झालो. आतून सगळे म्हणाले, दिसली.