चावडीचा फळा आणि शमाची मंगनी

रिहे, ता. मुळशी
१८ एप्रिल १९७९

वडीलबंधू बाबालालभाई यांच्या सेवेशी,

धाकट्या मोहिद्दीनचा सलाम पोहोचावा. इकडे सर्व खुशाल. भाभीजानचा गुडघा आणि आपल्या छापखान्याचे यंत्र, दोघांचीही कुरकुर थांबली असेल अशी आशा करतो.

आपण पुण्यात बसून मराठीच्या नावाने गळा काढता, पण तिचे वाटोळे पाहायचे तर आमच्या चावडीवरचा फळा पाहावा. आमच्याकडे घरोघर निरोप देत नाहीत. फळ्यावर लिहिले की गावाला कळले. लिहिणार मात्र एकटी गोजराबाई. (माझ्याच प्रौढ वर्गात अक्षरे शिकली. हे कृपया कुठे बोलू नये.) बाई बोलते तशी लिहिते. 'उद्या येष्टी न्हाई. चालत जावा. हितं बोंबलू नका.' ऱ्हस्व-दीर्घ तिच्या गावीही नाही. मी संध्याकाळी जाऊन खडूने दुरुस्त्या करी आणि सकाळी ती सगळे पुसून पुन्हा आपलेच खरे करी.

म्हणून शमाच्या मंगनीचे आमंत्रण मी तिला लिहू दिले नाही. स्वतः लिहिले. 'समस्त ग्रामस्थांस सूचित करण्यात येते की' अशी सुरुवात करून वाक्य असे बांधले, की क्रियापद थेट शेवटच्या ओळीत सापडावे. (आपण वाचले असते तर पाठ थोपटली असती.)

मंगनीच्या दिवशी पौडहून व्याही आले, पुलावाची देग उतरली, आणि गावातले काळे कुत्रेही फिरकले नाही. मुलीच्या बापाला गावात कुणी विचारत नाही की काय, अशा नजरेने पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. पडद्याआड शमा रडकुंडीला आली. मी तसाच चावडीकडे पळालो, तर हैबतराव म्हैस घेऊन भिंतीच्या कडेकडेने रानात सटकत होते.

"गुर्जी, कसलं शिबिर हाय?" ते कुजबुजले. "असली सुद्ध मराठी निस्तं सरकार लिवतंय. आणीबाणीतल्या नसबंदीपासनं आमी पयली वळ वाचली की रान गाठतुया. निम्मं गाव तितंच हाय."

तेवढ्यात गोजराबाई आली. माझ्याकडे एकदा पाहिले, पदराने फळा पुसला आणि लिहिले, 'गुर्जीच्या शमाची मंगनी हाय. पुलाव गार होतुय. या.'

काय सांगू, भाईसाहेब! एक शब्द धड नाही, आणि हैबतरावांनी रानाकडे तोंड करून हाळी देताच डोळ्यांदेखत रान रिकामे झाले. कोंडाजी पाटील आले, पायाला चिखल तसाच घेऊन रंभाबाई आल्या, सटकलेले हैबतराव म्हशीसकट आले. व्याह्यांना बसायला जागा उरली नाही. मी आयुष्यभर व्याकरण शिकवले, पण माझ्या लिहिण्याने कधी कुणी जागचे उठून आले नव्हते. 

आपला आज्ञाधारक,
मोहिद्दीन

ता. क. लग्नपत्रिकेचा मजकूर सोबत जोडला आहे. गोजराबाईकडूनच लिहून घेतला. तो आपल्या छापखान्यात जसाच्या तसा छापावा. आपला हात दुरुस्तीसाठी शिवशिवेल, तो खिशात ठेवावा. शमाच्या लग्नाला मला गाव हवे आहे.

ता. क. २. मजकुराच्या शेवटी बाईने मला न विचारता स्वतःचे नाव घातले आहे: 'गोजराबाई, नवरीची मावशी'. चूक काढायची म्हणून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. सापडली नाही. तेवढी ठळक अक्षरांत घ्यावी.