मिलिंदचा मेक्सिको

१९ नोव्हें., सेम्बावांग, सिंगापूर
बॅगा भरून झाल्या. मिलिंदचा आणखी एक व्हॉइस मेसेज: "वहिनी, पराठे नका हं घेऊ, तिकडे टॉर्तिया मिळतात." घेतले. मरीन परेडच्या महागड्या कॉन्डोत बसून फोनवर स्पॅनिश शिकला नि आता तिकडचा जावई असल्यासारखा बोलतो. माझ्या समीरचा कॉलेजातला मित्र, म्हणून सहन करायचा. त्याची केतकी गोड आहे, पण नवऱ्यापुढे तोंड उघडत नाही.
आरव्ही म्हणायचं म्हणे. मोठा टेम्पोच तो, आत पलंग नि संडास. त्यातून आम्ही मेक्सिकोचा किनारा बघणार. इरा मैत्रिणीकडे राहतेय. "गो लाह, मम्मा." आमची कटकट टळली म्हणून खूश.

२२ नोव्हें., ला पास
गावाचं नावच ला पास! सिंगापुरात आमचंही सगळं नोकरीच्या पासवर. स.ची नोकरी गेली की त्याचा पास गेला, मग मी नि इरासुद्धा सामानासकट बाहेर. हे म्हटलं तर मि. म्हणतो, "वहिनी, किती निगेटिव्ह!"
दुपारी टाकोच्या गाडीवर गर्दी. मि.ने सिंगापुरात हॉकर सेंटरच्या खानावळीत करतात तसं टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली, नि आम्ही रांगेत. परत येतो तर तिथे एक आख्खं कुटुंब बसलेलं, आजीबाईंनी पाकीट फोडून नातवंडांची तोंडं पुसायला घेतलेली. मि. आपला "ओकुपादो, ओकुपादो" करत उभा, म्हणजे जागा धरलीय. आजीबाईंनी त्याचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. स. इतका हसला की ठसका लागला. किती दिवसांनी हसला.

२४ नोव्हें., रस्त्यात
गाडी स. चालवतो. सिंगापुरात गाडी घेणं आमच्या आवाक्यातलं नाही, सगळा जन्म एमआरटीच्या ट्रेनमध्ये. इथे स्टिअरिंग धरून शीळ काय घालतोय! मि. शेजारी बसून पाट्या मोठ्याने वाचतो. एकीकडे निवडुंग, एकीकडे समुद्र. बरा आहे. कोकणाची सर नाही.
संडासाची टाकी रिकामी करायची वेळ आली की मि.ची कंबर धरते. स. करतो, तेही हसत. शी!

२६ नोव्हें., वाळूतच गाडी लावून
अखेर मि.च्या मनातलं बाहेर आलं एकदाचं. त्याने नि स.ने नोकऱ्या सोडायच्या, इथे आरव्ही घ्यायच्या, आपल्या लोकांना फिरवायचं. जेवणासकट. "वहिनींच्या हाताला चव आहे." म्हणजे मी टेम्पोत पोळ्या लाटणार. डोकं फिरलंय मेल्याचं!
स. वाळूत रेघोट्या मारत मन लावून ऐकत होता. तो असा ऐकतो म्हणजे धोका. मी म्हटलं, "ज्याला घरातला बल्ब बदलता येत नाही, तो धंदा करणार!" मि.ला म्हटलं होतं. लागलं स.ला. उठून पाण्याकडे गेला.
पुढचं वर्ष इराचं शाळेचं शेवटचं. त्याचा विचार कुणी करायचा?

२७ नोव्हें.
सकाळी स. मि.ला म्हणाला, "मी तयार आहे. गेल्या गेल्या राजीनामा देतो." मी चहा गाळत होते.
आणि मि.! तोंड पांढरंफटक. "अरे... लगेच नाही रे. असंच बोलत होतो आपण. समुद्र बघून माणूस बोलतो काहीबाही." वर मलाच साक्षीला घेतो, "काय वहिनी?"
मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. स.चं तोंड बघवेना. भित्रा, बोलघेवडा मेला! माझ्या नवऱ्याला नादी लावायचं नि ऐन वेळी शेपूट घालायची? चहा दिला नाही त्याला. केतकीने दिला.

३ डिसें., सेम्बावांग
स. ऑफिसला गेला, आला. विचारलं की "बरं" म्हणतो. मि.ने ग्रुपवर फोटो टाकलेत, सगळ्यांत स्टिअरिंगवर तोच. लाज कशी ती नाही.
जेवताना आमटी वाढता वाढता विचारलं, "इराची परीक्षा झाली की आपण दोघंच जाऊ या का परत? नीट बघून येऊ, जमतंय का ते."
घास हातातच राहिला त्याचा. "थट्टा करतेयस?"
"नाही रे. खरंच."
 मग म्हणाला, "तुझं खरं कुठलं नि टोमणा कुठला, मला कळेनासंच झालंय गं."
रागावून नव्हे. अगदी साधं म्हणाला, नि भात मागितला. मी वाढला. आता हे त्याला पुन्हा कुठल्या तोंडाने सांगू, की या वेळी टोमणा नव्हता, खरंच जायचंय मला?