भिंतीपाशी थांबलेला ठिपका

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आता मला तुमच्या रागावण्याचाच आधार घ्यावा लागतो. प्रेमाने काय काय बोलायचात ते पुसट झालं, पण एक ओरडा अजून जसाच्या तसा ऐकू येतो. मे महिन्याची सुट्टी होती आणि रत्नागिरीच्या फेरीला तुम्ही मला बसमध्ये तुमच्या पाठीमागच्या सीटवर बसवून नेलं होतंत. मलकापूर मागे पडलं, गाडी झाडीत शिरली आणि तुम्ही एकदम ब्रेक लावलात. समोर गव्यांचा कळप. काळी तुकतुकीत अंगं, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, एकामागून एक रस्ता ओलांडतायत, घाई अशी कुणालाच नाही. मागून एक पावणा ओरडला, "ओ डायवर, अक्षता पडून जातील की तिकडं!" मलाही जोर आला. "आप्पा, हॉर्न वाजवा की." तुम्ही मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीत. "गप बस खाली. पिल्लू अजून अलीकडंच हाय." मग मला ते दिसलं. कडेच्या गवतात उभं, डांबरावर एक पाय टाकायचं नि मागे घ्यायचं. तुम्ही इंजिन बंद केलंत. अख्खी बस गप्प झाली, तो पावणासुद्धा. पिल्लू धावत पलीकडे गेलं तेव्हा कुणीतरी हसलं, आणि तुम्ही पदर सावरावा तसा खाकी शर्ट नीट करून किल्ली फिरवलीत.

परत आल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून बसला होतात, आई भाकरी थापत होती, आणि तुमच्या गोष्टीतले गवे दर घासाला वाढत होते. "डांबरात मीठ असतंय, ते चाटायला येत्यात," असं तुम्ही छातीठोक सांगितलंत. ते साफ खोटं होतं आप्पा, पण कॉलेजात जाईपर्यंत मी ते खरं धरून चालले. पुढे जनावरांचाच अभ्यास करणार म्हटल्यावर काका म्हणाले होते, "गुरं राखायला एवढं शिकाय लागतंय व्हय?" तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी गमबूट घेऊन आलात, दोन बोटं मोठे. "पाय वाढतील," म्हणालात. मी बावीस वर्षांची होते. ते बूट घालून मी पहिल्यांदा जंगलात गेले, तेव्हा आत जुने मोजे कोंबले होते. त्यानंतरच्याच वर्षी डेपोत गाडीत चढता चढता तुमच्या छातीत कळ आली. मी घरी पोचले तेव्हा अंगणातल्या तारेवर तुमचा शर्ट वाळत होता. आईने सवयीने धुतला होता.

आता मी काय करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय. एका गव्याच्या मादीच्या गळ्यात आम्ही पट्टा बांधला होता. ती कुठे आहे हे तो पट्टा सांगत राहायचा आणि माझ्या संगणकावर एक ठिपका हलायचा. असे पुष्कळ ठिपके जमले की आम्ही संगणकातच खोटी जनावरं सोडतो. त्यांना डोंगर, पाणी, गवत, ऊस, रस्ता सगळं दाखवतो आणि बघतो, ती कुठून जातील, कुठे अडतील. तुमच्या फेरीचाच तो रस्ता रुंद व्हायचा होता, मधोमध काँक्रीटची भिंत येणार होती. माझी खोटी जनावरं पुन्हा पुन्हा एकाच उतारावरून खाली येत होती. तिथे खालून वाट ठेवा, असं मी नकाशा घेऊन सांगायला गेले. काम बघणारे साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, एक मोरी हाय की पुढच्या ओढ्यावर. जातील तिथनं. सवय लागंल." त्या मोरीतून कोल्हा जाईल, साळिंदर जाईल. गवा कसा जाईल? मी तेही सांगितलं. पण आराखडा मंजूर झालेला होता.

भिंत उभी राहिली. त्यानंतर माझा ठिपका रोज उतरून भिंतीपाशी यायचा, कडेकडेने चालायचा आणि परत डोंगर चढायचा. पलीकडे तिचं पाणी होतं. या उन्हाळ्यात एका सकाळी ठिपका रस्त्यावरच थांबला, हललाच नाही. मी गाडी काढली. वाटेत स्वतःला समजावत होते की पट्टा गळून पडला असेल. पोचले तर ती भिंतीला टेकून पडली होती, आणि जरा पुढे भाजीचा टेम्पो आडवा झाला होता. दवात ढबू मिरच्या सांडल्या होत्या. ड्रायव्हरला दवाखान्यात नेलं होतं. दुपारी तो गेला.

तो कोडोलीचा. आठवडाभराने मी त्याच्या घरी गेले. कुणी जायला सांगितलं नव्हतं. त्याची बायको माझ्याच वयाची. तिने आत बोलावलं, पाणी दिलं, मी कोण ते विचारलं. मी सगळं सांगितलं, पट्टा, ठिपका, नकाशा. ती म्हणाली, "म्हंजे तिथंच येणार हे ठावं हुतं तुमास्नी?"

"व्हय," मी म्हणाले.

"आणि सांगितलं हुतं तुमी?"

"सांगितलं होतं."

"मग?"

आप्पा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त भिंतीवरच्या फोटोचा हार सरळ केला आणि म्हणाली, "लई संबाळून चालवायचे ओ. कोंबडी आडवी आली तरी थांबायचे."

मी पुन्हा नकाशा घेऊन गेले आहे, दोनदा. पुढच्या टप्प्यात बघू म्हणालेत. कळप आता त्या उतारावर येत नाही. उसाच्या बाजूला सरकलाय, गावात शिरतो, लोक फटाके लावतात. ती मादी मेल्याची नोंद मी संगणकातल्या त्या मॉडेलमध्ये केली. टेम्पोवाल्याची नोंद करायला त्यात जागा नाही.

हे आईला सांगता येणार नाही. ती अजून तुमच्या नावाने एक भाकरी जास्त थापते आणि मग हसून ती माझ्या ताटात टाकते. म्हणून तुम्हाला लिहिलं, जे कुठेच टाकता येणार नाही ते. कोडोलीहून परत येताना मी गाडी कडेला लावून रडत होते. शेजारून लाल बस गेली आणि मनात आलं, बरं झालं आप्पा आता गाडीवर नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही नसल्याचं मला बरं वाटलं.