नाकावरचा संशय

मंगळवार, संध्याकाळ

आज शेवटी हुबळीला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बायको, सुमन, बरोबर होती. दहा वर्षांत माझं नाक फुगून लाल झालंय, आणि सकाळी पुसलं तरी दुपारपर्यंत तेलकट. सुभाष रोडवरच्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक कापडाआधी नाकच बघतं. मनात काय म्हणतं तेही कळतं. दारुडा.

डॉक्टरीणबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, पिता का?" मी तोंड उघडायच्या आत सुमन म्हणाली, "थेंबसुद्धा नाही!"

"न पिणाऱ्यांनाही होतो हा. कातडीचा आजार आहे," बाई म्हणाल्या. गोळ्या आणि मलमानं लाली, पुटकुळ्या कमी होतील. पण वाढलेली कातडी औषधानं बसत नाही. नाक बधिर करून ती लेझरनं किंवा सुरीनं तासावी लागते, मग जखम भरायला काही आठवडे. तासायचं तेवढं नको, म्हटलं मी. या वयात कशाला?

परतताना बसमध्ये सुमन हळूच म्हणाली, "अहो, रागावू नका. इतकी वर्षं तुमचे शर्ट धुवायला टाकायच्या आधी मी वास घेऊन बघत होते."

राग आला का? नाही. तिचं ते ताडकन "थेंबसुद्धा नाही" अजून कानात आहे. केवढी धास्ती एकटीनं बाळगली असेल, आणि मला पत्ताही नाही.

तिला एवढंच म्हटलं, "तासून घेतो. तू बरोबर ये."